गोळी न लागलेले खोगीर

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. मी एक जुने खोगीर आहे आणि वाकलेल्या पाठीशी माझे कधीच जमले नाही. म्हैसुरात बन्नीमंटपाच्या अलीकडे एका बैठ्या घराच्या दिवाणखान्यात, खिडकीखाली, सागवानी घडवंचीवर माझी जागा आहे. माझ्या डाव्या बाजूच्या लोंबत्या कातड्यावर एक गोल भोक आहे. त्याच्या कडा काळ्या आणि कडक आहेत. पन्नासहून अधिक वर्षे त्या भोकाबद्दल या घरात एक गोष्ट सांगितली जात होती. ती गोष्ट खरी नव्हती. ते मला ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते. आज मोकळ्या मनाने सारे सांगते.

माझा जन्म एकोणीसशे एकवीस साली याच शहरातील एका जीनगराच्या दुकानात झाला. जीनगर म्हणजे खोगीर शिवणारा कारागीर. त्याने लाकडी सांगाडा बेतला, वर कमावलेले जाड कातडे ओढले आणि खाली लोकर भरलेली गादी शिवली. मेण लावलेल्या दोऱ्याचे दोन सुयांनी घातलेले ते टाके आजही हललेले नाहीत. काम संपल्यावर त्याने लोंबत्या कातड्याच्या आतल्या बाजूला एक छोटे कमळ आणि सालाचे चार आकडे उठवले, आणि तो भाग गादीखाली शिवून टाकला. कारागिराची ओळख अशी पोटात असते. ती कोणी पाहावी अशी त्याची अपेक्षा नसते.

मला घेतले मल्हाररावांनी. म्हैसूरच्या जुन्या शिलेदार घराण्यांपैकी त्यांचे एक घराणे. त्यांचे भाऊबंद पहिल्या महायुद्धात घोड्यांसह समुद्रापलीकडे जाऊन आले होते. मल्हारराव मात्र कधीच गेले नाहीत. त्यांचे काम पागेत होते. माणसाचा वारा न लागलेली शिंगरे त्यांच्याकडे येत आणि शहाणे घोडे होऊन बाहेर पडत. आधी ते शिंगराच्या पाठीवर गोणपाट टाकीत, मग मला ठेवीत, मग तंग हळूहळू आवळीत. तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा. पहिले आठ दिवस माझ्यावर कोणी बसत नसे. मल्हारराव नुसते शेजारून चालत आणि शिंगराच्या कानाशी बोलत राहत. बोलणे म्हणजे गोष्टीच असत. युद्धावरून परतलेल्या स्वारांकडून ऐकलेल्या वाळवंटाच्या, जहाजांच्या, न पाहिलेल्या शहरांच्या गोष्टी. शिंगरू कान टवकारी आणि पाठीवर काय आहे ते विसरून जाई. एखाद्याला शिकवायचे असेल तर आधी त्याचे कान आपलेसे करावे लागतात, हे मी तेव्हा पाहिले.

आता त्या भोकाविषयी. एके सकाळी नालबंद नाल ठोकीत होता. एका करड्या शिंगराने लाथ झाडली, शेगडी उलटली आणि एक निखारा माझ्यावर येऊन बसला. मल्हाररावांनी आधी शिंगराला शांत केले आणि मगच ओल्या फडक्याने मला विझवले. तोवर वरचे कातडे जळून आरपार भोक पडले होते. खालची गादी वाचली. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आज विचार करते तेव्हा वाटते, त्यांनी क्रम बरोबर लावला.

मल्हाररावांचा मुलगा भुजंग तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील युद्धावर जाऊन आले होते. त्यांतल्या एकाने विचारले, तुझे वडील तेव्हा कुठे होते? भुजंगाने त्याला घरी आणले, माझ्यावरचे भोक दाखवले आणि म्हणाला, ही शत्रूची गोळी. मल्हाररावांनी दारातून ते ऐकले. ते हसले आणि आत निघून गेले. पोराच्या जातीला थोडी फुशारकी शोभते, असे त्यांना वाटले असावे. पण त्या दिवशी ती गोष्ट माझ्यावर चढली ती उतरलीच नाही. भुजंगाचे भुजंगराव झाले, सरकारी कचेरीत नोकरीला लागले. लग्न होऊन भागीरथीबाई या घरात आल्या तेव्हा भुजंगरावांनी त्यांनाही भोकावर बोट ठेवून तीच गोष्ट सांगितली. एव्हाना त्यांना स्वतःलाही ती खरी वाटू लागली असावी. मल्हारराव गेले, पुढे अनेक वर्षांनी भुजंगरावही गेले. गोष्ट भागीरथीबाईंकडे राहिली.

भागीरथीबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या दिवाणखान्यात रविवारचा वर्ग सुरू केला. भोवतालच्या मराठी घरांतली दहा-बारा मुले येत. त्यांचे मराठी तोकडे, निम्मे शब्द कन्नडचे, आणि इतिहास म्हटला की जांभई देणारी. बाईंनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि एका मुलाला उचलून माझ्यावर बसवले. म्हणाल्या, तू आता श्रीरंगपट्टणाला निघालास, घोड्यासाठी बरोबर काय घेतलेस? मुलगा म्हणाला, दहीभात. वर्ग हसला. मग घोडा हुरळी खातो, हुरळीला मराठीत कुळीथ म्हणतात, दिवसाला किती लागतात, नदी कुठे ओलांडायची, पलीकडे किल्ल्यात कोण राहत होते, त्यांचे काय झाले, असा तो धडा तासभर चालला. एकाही मुलाने दाराकडे पाहिले नाही.

बाईंची पद्धतच तशी होती. जुनी गोष्ट सांगायची, रंगात आली की थांबवायची आणि उरलेली शोधून आणायला लावायची. एखादी म्हण निघाली तर ती पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आणि का निघाली असेल, हे मुलांनी रचून सांगायचे. आणि एक नियम होता. प्रत्येकाने दर रविवारी एक प्रश्न आणायचा. ज्या प्रश्नाचे उत्तर बाईंना देता येणार नाही, तो आणणाऱ्याने त्या दिवशी माझ्यावर बसायचे. मुले आठवडाभर प्रश्न हुडकीत फिरत. माझ्या आयुष्यातले हे दुसरे चांगले दिवस. पागेतल्या शिंगरांचे कान मला पुन्हा दिसू लागले होते.

एवढे सारे चांगले असताना ती गोळी मात्र दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास निघे. बाई ती गोष्ट सांगत तेव्हा मी अवघडून जाई. ज्या माणसाने आयुष्यभर घोड्यांना धीर दिला, त्याचे खरे काम त्या गोष्टीत कुठेच नव्हते.

अशातच इथल्या मराठी समाजाच्या सभागृहात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले. सयाजीराव हे समाजाचे सचिव, उत्साही आणि बोलण्यात घाईचे. नवमीला आयुधपूजेच्या दिवशी उद्घाटन करायचे आणि मला तिथे काचेच्या कपाटात कायमचे ठेवायचे, असा त्यांचा बेत होता. पितळी पाटीसुद्धा त्यांनी कोरून घेतली होती. तिच्यावर लिहिले होते, ‘महायुद्धात शत्रूची गोळी झेललेले खोगीर’. बाईंनी ती पाटी पदराने पुसून दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. मला मात्र वाटले, आता संपले. एकदा काचेआड गेले, की त्या भोकात पुन्हा कोणी बोट घालणार नाही. खोटे तेवढे पितळेत राहील.

त्याच रविवारी तुंगाने प्रश्न आणला. तुंगा पलीकडच्या गल्लीतल्या नरसिंहमूर्तींची मुलगी, नऊ वर्षांची, दोन वेण्या, समोरचा एक दात नुकताच पडलेला. तिने पुढे येऊन माझ्या भोकात बोट घातले आणि ते तिथेच ठेवून विचारले.

“अज्जी, गोळी इथनं आत गेली, अल्ला? मग बाहेर कुठनं गेली?”

अल्ला म्हणजे ‘नाही का’. बाई म्हणाल्या, खालून गेली असेल.

“खाली भोकच नाही. माझं बोट अडतंय, नोडी.”

नोडी म्हणजे बघा. बाकीची मुले गोळा झाली. एकेकाने बोट घालून पाहिले. कोणीतरी म्हणाले, मग गोळी अजून आतच असेल. दुसऱ्याने मला हलवून कान लावला. मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा रंगीत झूल घालून मिरवतानाही कधी झाला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मलाच विचारीत होते.

बाईंचा चेहरा मात्र उतरला आणि मग ताठ झाला. वडीलधाऱ्यांच्या पराक्रमात असे बोट घालायचे नसते, असे त्या म्हणाल्या. तुंगा गोंधळली. उत्तर न आल्यामुळे नियमाप्रमाणे ती माझ्यावर चढू लागली होती.

“उतर खाली. सुम्ने बस तिकडं, मरी.”

सुम्ने म्हणजे मुकाट्याने. मरी म्हणजे बाळ. बाई रागावल्या तरी मरी म्हणायला चुकत नसत. पण तुंगा बसली नाही. तिने चपला घातल्या आणि ती निघून गेली. जाताना तिची वही माझ्याखाली राहिली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. बाकीची मुले आली आणि ओळीने हात जोडून बसली. बाईंनी प्रश्न मागितले तेव्हा मुलांनी धड्याखालचे प्रश्न वाचून दाखवले, ज्यांची उत्तरे त्याच पानावर असतात. बाईंनी सगळी उत्तरे दिली. त्या दिवशी माझ्यावर कोणीच बसले नाही. तास संपायच्या आधी दोघांनी दाराकडे पाहिले. ते बाईंच्या नजरेतून सुटले नाही.

प्रदर्शन आठ दिवसांवर आले होते. माझ्या एका रिकिबीचा पट्टा तुटला होता आणि काही टाके सैल झाले होते. म्हणून बाईंनी गणपतरावांना बोलावले. गणपतराव म्हणजे ज्या जीनगराने मला घडवले त्याचा मुलगा. आता सत्तरी ओलांडलेला, जाड चष्म्याचा. ओसरीवर चटई टाकून त्यांनी मला मांडीवर घेतले. बाई खुर्चीवर बसून राहिल्या. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, जणू सहज आठवल्यासारखे, त्यांनी विचारले की गोळी लागलेले कातडे गणपतरावांनी कधी पाहिले आहे का.

“पाहिलंय की अम्मा. लढाईहून आलेली चार-पाच खोगिरं बापाकडं दुरुस्तीला होती. गोळीची कड फाटते, अशी जळत नाही.” त्यांनी भोकावरून अंगठा फिरवला. “हा निखारा. नालबंदाच्या शेगडीतला असणार.”

मग त्यांनी सैल टाका उसवला, लोंबते कातडे उलटे केले आणि चष्मा वर सरकवला. कमळ तिथेच होते. सालाचे आकडेही तिथेच होते.

“माझ्या बापाचा शिक्का हा. एकवीस साल. लढाई अठरा सालात संपली, अल्ला अम्मा?”

बाईंनी खुर्चीतून पुढे वाकून ते चार आकडे बोटाने एकेक चाचपले. माझ्या सगळ्या टाक्यांत ताण भरला होता. त्या एका आकड्याखाली त्यांचे पती होते, सासऱ्यांचे नाव होते, आणि शेकडो मुलांना सांगितलेली त्यांची स्वतःची गोष्ट होती. बोट मागे घेऊन त्या म्हणाल्या, शिवून टाका.

“शिक्का आत ठेवून?” गणपतरावांनी विचारले.

“आत.”

त्या उठून घरात गेल्या. गणपतरावांनी दोन सुया ओवल्या आणि शिवायला घेतले. एक टाका, दुसरा टाका. कमळावर पुन्हा अंधार येऊ लागला. मित्रांनो, मला हातपाय असते तर मी त्या मांडीवरून उडी घेतली असती. सातवा टाका ओढला जात असताना बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात तुंगाची वही होती.

“थांबा, गणपतराव.”

सुई थांबली. बाईंनी वही त्यांच्यापुढे धरली, मग त्यांना चष्म्यातून नीट दिसेना म्हणून स्वतःच वाचून दाखवली. तुंगाने त्या रविवारसाठी एकाऐवजी तीन प्रश्न लिहून आणले होते. पहिला गोळी कुठून बाहेर गेली हा. दुसरा, मल्हारराव तेव्हा घाबरले होते का. आणि तिसरा, घोडा वाचला का.

“चव्वेचाळीस वर्षं ही गोष्ट सांगते मी,” बाई म्हणाल्या. “खोगिरातून गोळी गेली तर ती घोड्याला लागणार. त्या घोड्याचं काय झालं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.”

गणपतराव म्हणाले, आम्ही खोगीर शिवणारे, आमच्याही आलं नाही.

“हे टाके उसवा. कातडं उचललं की शिक्का दिसेल असं शिवून द्या.”

सात टाके उसवायला किती वेळ लागतो? चहा निवण्याइतकासुद्धा नाही. पण त्या वेळात माझ्या अंगातली पन्नास वर्षांची अढी सुटली. कातडे सैल पडले. गणपतरावांनी त्यावर तेल चोळले तेव्हा ते पाण्यासारखे आत मुरले.

त्याच संध्याकाळी बाई छत्री घेऊन तुंगाच्या घरी गेल्या. तिथे काय झाले ते मला पुढे तुंगाच्याच बोलण्यातून कळले. तुंगाची आई मुलीच्या वतीने क्षमा मागू लागली, तेव्हा बाईंनी तिला हाताने थांबवले आणि म्हणाल्या, माफी मला मागायची आहे, तुम्ही मध्ये येऊ नका. ती त्यांनी मागितली, उभ्याने आणि स्पष्ट शब्दांत. मग वही परत दिली आणि रविवारी वेळेवर यायला बजावले. तुंगाने विचारले, भुजंगअज्जा खोटं बोलले का? बाई म्हणाल्या, नऊ वर्षांचे असताना बोलले असतील. बापाचा मोठेपणा दाखवायचा होता. तो खरा किती मोठा होता, हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

सयाजीरावांना समजावणे अधिक अवघड गेले. ते आले ते पाटी काखोटीला मारूनच.

“वैनी, पाटी कोरून झाली. आता इतिहास बदलायचा का?”

“इतिहास आहे तिथंच आहे. पाटी बदलायची आहे.”

सयाजीराव म्हणाले, लोक हसतील, शिलेदारांच्या अब्रूचा प्रश्न आहे, आणि पितळ काही स्वस्त नाही. बाईंनी त्यांना मल्हाररावांच्या शिंगरांविषयी विचारले. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. बाईंनाही फारसे ठाऊक नव्हते, पण त्या दिवसांत त्यांनी पागेतल्या दोन वृद्ध माणसांना गाठून विचारून घेतले होते. मल्हाररावांच्या हातून निघालेला घोडा तोफेच्या आवाजालाही बिचकत नसे, हे त्यांना तिथे कळले. त्या म्हणाल्या, ज्याने शेकडो मुकी जनावरे चाबकाशिवाय शिकवली त्याच्या सुनेने मुलांना शिकवताना खोटे सांगावे, अब्रू तिथे जाते. सयाजीरावांनी पाटी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती. ‘मग इकडं कोरून घेऊ,’ असे पुटपुटत ते गेले.

नवमीला मला झेंडू वाहिले, कुंकू लावले आणि सभागृहात ठेवले. पाटीवर आता लिहिले होते, ‘शिंगरांना शिकवणारे खोगीर. मल्हारराव यांच्या पागेतील, १९२१. भोक निखाऱ्याचे’. भागीरथीबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सारी हकीकत सांगितली, गोळीची आणि निखाऱ्याची. आपण इतकी वर्षे चुकीचे शिकवले, हे सांगताना त्यांचा आवाज किंचितही खाली आला नाही. मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. एकाने हसू दाबले. मग बाईंनी तुंगाला पुढे बोलावले.

“हिच्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नव्हतं. नियम आहे. बैस, मरी.”

तुंगा माझ्यावर चढून बसली आणि तिने पाठ ताठ केली. मुलांची रांग लागली, प्रत्येकाला भोकात बोट घालायचे होते आणि कमळ पाहायचे होते. प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. कार्यक्रम संपल्यावर मानाजीराव नावाचे एक वजनदार गृहस्थ गणपतरावांना खांबाआड घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, सवडीने आमच्या घरची ढालही एकदा बघून जा. त्या आठवड्यात गणपतरावांना अशी पाच बोलावणी आली म्हणतात.

काचेच्या कपाटाला बाईंनी नकार दिला. ज्याला हात लावता येत नाही त्याच्याविषयी मुले विचारत नाहीत, असे त्यांनी सयाजीरावांना बजावले आणि मला घरी आणले. मला केवढे हायसे वाटले, ते काय सांगू.

मित्रांनो, आता माझे एवढे ऐका. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, दिवा, तराजू, पेटी, कुलूप. तिच्यावरची धूळ पुसा. कातडे असेल तर वर्षातून दोनदा तेल द्या, लाकूड असेल तर ओलीपासून जपा. तिची गोष्ट मोठ्यांना विचारा आणि ती मनापासून ऐका. नंतर त्या वस्तूला हाताळा, उलटी करून पाहा, तिच्या पोटात काय लिहिले आहे ते वाचा. जुळले नाही तर नम्रपणे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही इथे बसला आहात हे मला दिसते आहे. विचारणाऱ्या मुलाला खाली उतरवू नका. त्याच्या विचारण्याने घराण्याचे काही जात नाही. आमच्या घराला तर त्यामुळे मल्हारराव परत मिळाले.

रविवारचा वर्ग अजून भरतो. कधी बाई हरतात, कधी मुले. कोणी माझ्यावर येऊन बसले, की आता मला फक्त त्या मुलाचेच वजन जाणवते.